आठव्या वेशीची हजेरी

“ऋजू, एक लक्षात ठेव. तुमचं हे यंत्र मला हवं ते देत नाहीये, मला वाटतं ते देतंय. दोन्ही वेगळं असतं गं. बोल ना तन्वीरशी.”

शलाकाचा हा ध्वनिसंदेश आला तेव्हा ऋजुता खानविलकरच्या खांद्यावर सात महिन्यांची मिहिका होती, आणि ढेकर काही केल्या निघत नव्हता. ऋजुताने एका अंगठ्याने उत्तर टाइप केलं : ‘बघते गं. निवांत बोलू.’ त्या दिवसांत तिला निवांत असं काही नव्हतं. मिहिकाचा पाळणा हलतो की नाही, तिचं पोट श्वासाबरोबर वर येतं की नाही, हे ती दर दहा मिनिटांनी जाऊन पाहत असे. बाकी जगाने आपापलं सांभाळावं, एवढीच तिची अपेक्षा होती.

बाळंतपणाची रजा संपवून ती कोल्हापूरच्या कचेरीत परत आली, तेव्हा ‘मेघदुर्ग’चा नवा भाग बाजारात येऊन सहा आठवडे झाले होते. मेघदुर्ग हा आठ लाख लोक एकाच वेळी खेळतात असा खेळ. डोळ्यांवर दृष्टीपट्टी चढवायची आणि त्या राज्यात उतरायचं. त्या राज्याचा इतिहास, राजघराणी, शाप, शिलालेख हे सगळं लिहिण्याचं काम ऋजुताचं. नऊ वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, तिने एका शिळेवर सहज एक ओळ टाकली होती : ‘सात वेशी राजाने बांधल्या. आठवी कोणी बांधली ते विचारू नये.’

खेळाडूंनी नऊ वर्षं तेच विचारलं. आठव्या वेशीपलीकडे मेलेली राणी आहे, समुद्र आहे, खेळ बनवणाऱ्यांची कचेरी आहे. प्रत्येकाचा एक तर्क, आणि प्रत्येक तर्कामागे भांडायला तयार हजारो माणसं. काहीही लिहिलं असतं तरी बहुतेक जण हिरमुसलेच असते. मागच्या भागात राणीला मारलं, तेव्हा एका आठवड्यात तीन लाख लोक खेळ सोडून गेले होते.

त्यावर डॉ. तन्वीर मुजावरने तोडगा काढला होता : अपेक्षावेधक. आठव्या वेशीपलीकडे एकच एक गोष्ट ठेवायची नाही. ज्याला जे वाटतं, ते त्याला तिथे भेटेल.

“ये, ये. काय म्हणतीय लेक?” ऋजुता प्रयोगशाळेत शिरली तसा तन्वीर म्हणाला. 

“झोपत नाही. आणि झोपली की मी झोपत नाही.” ऋजुताने मिहिकाला झोळीसकट छातीशी सावरत खुर्ची ओढली. “मला परत एकदा नीट सांग. सहा महिने डोक्यात दुधाच्या बाटल्या आहेत नुसत्या.”

“सोपं आहे की. दार उघडायच्या आधी माणूस पाव सेकंद थांबतो. त्या पाव सेकंदात त्याची नजर कुठं जाते, श्वास कसा होतो, हात कुठल्या शस्त्राकडं जातो, हे दृष्टीपट्टीला कळतं. म्हणजे आत काय असणार, हे त्यानं मनात ठरवलेलं असतं. अपेक्षावेधक ते ओळखतो आणि तेच आत मांडतो.”

“आणि बरोबर मांडलं की नाही, हे कसं कळतं?”

“पुढच्या पाव सेकंदात. दचकला, थबकला, तोंड पाडलं, तर अपेक्षाभंग. तो आम्ही शून्य ते शंभर असा मोजतो. मागच्या भागाचा सरासरी अपेक्षाभंगांक एकसष्ट होता. आता नऊ!” तन्वीर हसला. “आठ लाख लोकांच्या मनातलं कळतंय, आणि माझी बायको रविवारी काय म्हणणार ते अजून कळत नाही बघ.”

“तिला लाव ना दृष्टीपट्टी.”

“मलाच लावील ती, दोरीनं बांधून.”

वरून हुकूम आला होता तो वेगळाच. एकेचाळीस खेळाडूंचा अपेक्षाभंगांक शून्य होता. पूर्ण शून्य, सलग तीन आठवडे. त्यांची टोपणनावं आठव्या वेशीवर कोरायची होती, ‘परिपूर्ण खेळाडू’ म्हणून, आणि खाली शोभेल असा लेख ऋजुताने लिहायचा होता.

ती यादी वाचू लागली. चौदावं नाव ‘बोरकाटा’.

“अरे, ही तर आपली शलाका!”

शलाका पाटणकर आधी इथेच होती, चाचणी-खेळाडू म्हणून. ऋजुताच्या लेखनातल्या चुका शोधणं हे तिचं काम होतं, आणि तिला त्यात आसुरी आनंद होई. ‘बाईसाहेब, चौथ्या भागात राणीच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. पाचव्यात एक कुठं गेलं?’ पुढे आईने अंथरूण धरलं, तशी ती नोकरी सोडून आजऱ्याला गेली. माघात आई गेली. ऋजुताला तेव्हा आठवा महिना होता. जाता आलं नव्हतं.

पण तसा संबंध तुटला नव्हता. दोघी एकाच टोळीत खेळत. रोज संध्याकाळी साडेसहाला टोळीची हजेरी असे. ही पद्धत काही ऋजुताने लिहिलेली नव्हती, खेळाडूंनीच पाडलेली. मोहिमेवर निघण्याआधी सगळ्यांनी शिळेपाशी (आता आठव्या वेशीपलीकडच्या) जमायचं, नायकाने एकेक नाव घ्यायचं, आणि ज्याचं नाव त्याने ढालीवर एक ठोका द्यायचा. बोलायचं नाही. रजेवर असताना ऋजुता मिहिकाला पाजता पाजता दहा मिनिटं तेवढ्यासाठी जाई. टोळीची नायिका तीच. ‘बोरकाटा’ म्हटलं की टण्ण असा ठोका येई, आणि तिला बरं वाटे. शलाका आहे. ठीक आहे. फोन उद्या करू.

“शून्य!” ऋजुता आता म्हणाली. “मला तर म्हणत होती, यंत्र बरोबर नाही म्हणून. तन्वीर, तिला आठव्या वेशीपलीकडे काय भेटलं, ते बघता येईल?”

“नोंद असते. बघू की.”

पडद्यावर वेस आली. बोरकाटा वेशीच्या दाराशी उभी होती. पाव सेकंद थांबली. दार उघडलं.

पलीकडे माळ होता. गवत, वारा, दूरवर हजेरीची शिळा. बाकी काही नाही.

“नोंद अर्धवट आहे का?”

“नाही,” तन्वीर म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता. “माणसं नाहीत. तिचा थर रिकामा आहे.”

“थर म्हणजे?”

“आठ लाख लोक एका माळावर मावणार नाहीत ना. सारखी अपेक्षा असलेल्यांना आपण एका थरात ठेवतो. एका थरातली माणसं दुसऱ्या थरातल्यांना दिसत नाहीत. ती दार उघडताना थांबली, तेव्हा तिला वाटलं असणार, पलीकडं कोणी नसेल. आपल्याकडं आता कोण येतंय. तर यंत्रानं...”

“कोणी ठेवलंच नाही.”

“दुसऱ्या दिवशी तिला जास्तच खात्री वाटली. तिसऱ्या दिवशी आणखी. जिची काही अपेक्षाच उरली नाही, तिचा अपेक्षाभंग कशानं होणार? शून्यच येणार.”

ऋजुताने मिहिकाच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वरखाली होत होती. “पण हे शक्य नाही. ती रोज हजेरीला असते. मी स्वतः नाव घेते. काल घेतलं. ठोका आला.”

तन्वीरने कालची, ऋजुताच्या बाजूची नोंद लावली. शिळेभोवती सतरा जण. ‘बोरकाटा.’ टण्ण.

“ही सावली आहे,” तो म्हणाला. “टोळीतलं कोणी दुसऱ्या थरात असलं, तर त्याची जागा रिकामी दिसते. मग बाकीच्यांचा अपेक्षाभंग होतो. म्हणून यंत्र तिथं त्याच्यासारखं कोणीतरी उभं करतं. तुला वाटतं की शलाका आहे, आणि ती ठोका देणार. तर तुला ठोका ऐकवतं.”

“म्हणजे तो ठोका माझ्यासाठी बनवलेला?”

“व्हय.”

“आणि ती? साडेसहाला ती कुठे होती?”

नोंद पुढे सरकली. रिकाम्या माळावर, साडेसहाच्या ठोक्याला, बोरकाटा शिळेपाशी येऊन उभी राहिली. कोणी तिचं नाव घेतलं नाही. घ्यायला कोणी नव्हतंच. थोडा वेळ ती तशीच थांबली आणि मग आपणहून तिने ढालीवर एक ठोका दिला. टण्ण. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पंचवीस दिवस, रोज एक.

सव्विसाव्या दिवसाची नोंद नव्हती.

“पुढचं लाव.”

“पुढचं नाही. त्यानंतर ती खेळात आलेलीच नाही. सोळा दिवस झाले.”

“काल ठोका आला, तन्वीर.”

“तुला वाटत होतं म्हणून.”

ऋजुताने शलाकाचा फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना तिच्या लक्षात आलं, की याआधीचा तिचा शेवटचा फोन शलाकाच्या आईच्या तेराव्याचा होता.

“गाडी काढतो,” तन्वीर म्हणाला. “लेकीचं काय काय घ्यायचं ते घे.”

आजऱ्यापर्यंत दोन तास लागले. उत्तूरच्या पुढे मिहिकाने रडून गाडी डोक्यावर घेतली. मग दमून झोपली. वाटेत एकदा तन्वीर म्हणाला, “मी तिच्याबरोबर चार वर्षं काम केलंय. माझ्याच यंत्रात होती ती.” ऋजुताने नुसती मान हलवली. तिला मनात काही ठरवायचं नव्हतं. दाराशी गेल्यावर आत काय असेल, याचा विचार करायला ती घाबरत होती.

दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. तन्वीर शेजारच्या घराकडे निघाला. चौथ्यांदा वाजवल्यावर आत कडी हलली.

शलाकाने दार अर्धंच उघडलं. ती वाळली होती, केस बांधलेले नव्हते. ऋजुताकडे, मग झोळीकडे तिने पाहिलं.

“अगं, सांगून यायचंस ना,” ती म्हणाली. “घरात साखर नाहीये.”

ऋजुताला हसू आलं आणि त्या हसण्याचंच रडं झालं. मिहिका जागी झाली. शलाकाने हात पुढे केले आणि तिला घेतलं. मिहिकाने लगेच तिचे केस मुठीत धरले.

घर झाडलेलं होतं. फोन फडताळात, कपड्यांखाली वाजला होता. ओट्यावर एकच ताट, एकच वाटी.

“तू रोज हजेरीला यायचीस?” शलाकाने विचारलं.

“रोज.”

“माझं नाव घ्यायचीस?”

“रोज. आणि तुझा ठोका यायचा. म्हणून तर मी...”

“मी द्यायचे गं ठोका.” शलाका मिहिकाच्या मुठीतून एकेक केस सोडवत होती. “मला वाटलं, सगळे दुसरीकडे खेळायला गेले. मग एक दिवस म्हटलं, कशाला. आणि एकदा ते म्हटलं ना, की मग आंघोळ कशाला, भाजी कशाला, असं होत जातं.” शेवटचा केस सुटला. “मी तुला सांगितलं होतं.”

“हो.”

“बघते म्हणालीस.”

“हो.”

शलाकाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ऋजुताने मान खाली घातली नाही. 

“पोहे आहेत,” शेवटी शलाका म्हणाली. “बाहेर तो मुजावर उभा आहे, त्यालाही बोलव. आणि कांदा तू चीर. मला उभं राहवत नाही फार.”

त्या दिवशी डॉक्टर येऊन गेले, बहिणीला फोन झाला. शलाका आता बहिणीकडे निपाणीला आहे. फोनवर मला अजून टोमणे मारते, म्हणजे बरी आहे.

हो, मला. ऋजुता म्हणजे मीच. दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट असावी तशी लिहीत आले, कारण ‘मी फोन केला नाही’ हे वाक्य हातून लिहवेना.

ती एकटीच असती, तर ही गोष्ट मी लिहिलीही नसती. यादीत एकेचाळीस नावं होती. उरलेली चाळीस माणसं कुठे राहतात ते मला माहीत नाही. पत्ते मागितले, तर नियमात बसत नाही म्हणाले. यंत्र थांबवा म्हटलं, तर विचारलं, शून्य हा दोष कसा? तन्वीर अजून भांडतोय.

मग मी माझं काम केलं. आठव्या वेशीवर, जिथे ती नावं कोरायची होती, तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘तुमच्या टोळीतल्या प्रत्येकाला आजच्या आज फोन करा. ठोक्यावर विश्वास ठेवू नका.’ तन्वीरने आपली दृष्टीपट्टी लावून ते वाचलं आणि मला बोलावलं. त्याला तिथे दिसलं होतं : ‘दुरुस्तीसाठी खेळ मंगळवारी सकाळी बंद राहील.’ सूचनांच्या पाटीवर लोकांना जे असेल असं वाटतं, तेच.

म्हणून हे छापायला दिलं. कागदाला तुमच्या मनातलं कळत नाही. तो सगळ्यांना एकच मजकूर दाखवतो, आवडो न आवडो.

तुम्ही मेघदुर्ग खेळत असाल किंवा नसाल. तुमच्याही ओळखीत एक जण असेल, जो कधी फार बोलत नाही, पण असतो. ज्याच्याकडून नुसता अंगठा येतो, सणाला फुलाचं चित्र येतं, आणि तुम्ही म्हणता, आहे, ठीक आहे. त्याला आज फोन करा. ‘कसा आहेस’ विचारू नका. त्याचं उत्तर तुम्ही आधीच ठरवलेलं असतं. आज जेवायला काय केलंय, ते विचारा. नाहीच उचलला फोन, तर जाऊन दार वाजवा. तीनदा वाजवून परत फिरू नका.