आठ पोरांचं वजन

गगनबावड्याच्या घाटात ढग रस्त्यावर उतरले होते आणि किशोरी आत्याची शाळेची रिकामी व्हॅन त्यांच्यातून चक्क तरंगत चालली होती. चाकं होती जमिनीवरच; पण मागची बाजू अशी अलगद उचललेली, की खड्डे कळेचनात. पुढच्या सीटवर शलाका नुसती फुलून बसली होती. दहावीतल्या पोरीनं मागच्या सस्पेन्शनचे दांडे एकटीनं बदलले होते, चेष्टा आहे?

"बघ आत्या! लोण्यातून चाललोय!"

तेवढ्यात वळण आलं. व्हॅनचं मागचं अंग दरीकडे हळूच सरकलं. आत्यानं गाडी सावरली आणि डोंगराच्या कडेला घेऊन थांबवली.

"बोल्ट कसे आवळलेस?"

"सांगितलेल्या जोरानंच! पाना टक् वाजला की थांबले."

"जोर नाही इचारला. तवा गाडी कुठं हुती?"

"लिफ्टवर. चाकं लोंबकळत."

आत्यानं कपाळावर हात मारला.

दांड्यांच्या टोकांत नव्या जातीचं स्मृतिरबर होतं. बोल्ट आवळताना गाडी जशी उभी असेल, तीच आपली विसाव्याची जागा, असं ते धरून बसायचं आणि सतत तिकडंच ओढायचं. जुनं साधं रबर अशा वेळी पिळवटून फाटायचं. हे फाटत नव्हतं, हट्ट करत होतं. शलाकानं त्याला अधांतरी आवळलं होतं. व्हॅनला वाटत होतं, आपलं घर हवेत आहे.

"राहू दे ना गं अशीच," शलाका हळूच म्हणाली. "किती छान वाटतं."

"उद्या आठ पोरं बसणार हाईत हिच्यात. त्यांच्या आयांना काय सांगू? उडाली म्हणून?"

खाली दरी ढगानं काठोकाठ भरली होती. शलाकानं तिच्याकडे एकदा वाकून पाहिलं. "मीच करते परत."

गॅरेजात तिनं बोल्ट सैल केले, गरम दिव्याखाली रबराला हवेतली जागा विसरायला लावलं, गाडीखाली शिरायच्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर व्हॅन चाकांवर उभी केली आणि गल्लीतली आठही पोरं आत कोंबली. मग स्वतः खड्ड्यात उतरली.

"हलू नका रे! ती तुम्हाला शिकतेय!"

"ताई, मी आत्ताच जेवलेय. चालंल का?" दुसरीतल्या अबोलीनं वरून विचारलं.

"रोज एवढंच जेवशील ना? मग चालंल!"

टक्. टक्. एकेक बोल्ट बसत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर व्हॅननं रस्ता असा घट्ट धरला, की आत्या चक्क शीळ घालू लागली. शाळेच्या फाटकाशी पोरं ढकलाढकली करत उतरली, धुक्यात दिसेनाशी झाली.

वजन उतरलं की गाडीचं मागचं अंग वर यायला हवं. शलाका खाली उतरून बघत राहिली. ते आलंच नाही. रिकामी व्हॅन आठही जण आत असल्यासारखी तशीच दबून उभी होती.

शलाकानं तिच्या गार पत्र्यावर हात ठेवला. वजन लक्षात ठेवायला तिनं शिकवलं होतं. पण वाट बघायला हिला कुणी शिकवलं?