शिपायाचे फुलपात्र

सिंगापूरच्या लढाईत एक मराठी शिपाई वुडलँड्सच्या झाडीत धारातीर्थी पडला होता आणि इतिहासाने चौसष्ट वर्षे त्याची दखल घेतली नव्हती. अखेर २००६ साली ती घेतली गेली. पुरावा म्हणून एक पितळी फुलपात्र होते. शुक्रवारी संध्याकाळी ते शोकेसमधून नाहीसे झाले.

"चोरी!" हेमचंद्र कारखानीस म्हणाले. "उद्या मंडळात माझं व्याख्यान आहे, शुभदा. लोक फुलपात्र बघायला येणार. मी काय दाखवू त्यांना? स्वतःला?"

"लगेच तसा विचार करू नका, काका," शुभदा रेगे म्हणाली.

शुभदा परवाना असलेली खाजगी डिटेक्टिव्ह होती. या धंद्यात मुख्यतः नवऱ्यांचा पाठलाग करावा लागतो आणि नवरे मुख्यतः इथल्या हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर डॉक्टरांनी बंद केलेले पदार्थ खाताना सापडतात. त्या मानाने फुलपात्र ही बढतीच होती. शनिवार असल्यामुळे तिचा नवरा अभय सोबत आला होता. तो चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत ऑडिटला होता. त्याला सगळे दिसत असे. त्याचा अर्थ मात्र दुसऱ्या कोणीतरी लावावा लागे.

कारखानीसांची गोष्ट थोडक्यात अशी. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते वर्षभर घरात बसले आणि पत्नीच्या, म्हणजे संजीवनीबाईंच्या स्वयंपाकाची देखरेख करू लागले. गॅस किती मोठा असावा यावर त्यांची मते होती. मग त्यांना उल्हास भेटला. उल्हास आयटीवाला, बायकामुले पुण्यात, आणि जवळ इंटरनेटवरून मागवलेला मेटल डिटेक्टर. दोघे दर शनिवार-रविवार झाडीत जाऊन युद्धातले अवशेष शोधू लागले. दोन वर्षांत त्यांना बिअरच्या बाटल्यांची बुचे, कॅनच्या कड्या आणि छत्रीची एक काडी सापडली. ऑगस्टमध्ये कारखानीसांनी जाहीर केले, की दिवाळीपर्यंत काही मिळाले नाही तर हा नाद कायमचा सोडून ते घरी बसणार. सप्टेंबरात फुलपात्र मिळाले.

"त्यावर टिंबाटिंबांनी कोरलं होतं, गो. वा. दि.," कारखानीस म्हणाले. "सुभेदार गोपाळ वामन दिघे."

"नाव कुठून कळलं?"

"अभ्यासातून."

त्यांनी फोटो दाखवला. फुलपात्र आतून हिरवेगार झाले होते, बाहेरून नुसते मळकट. शुभदाने तो फोटो जरा जास्त वेळ पाहिला.

"आणि हे बघ." त्यांनी शोकेसमधून फोटोच्या रिळाची प्लॅस्टिकची डबी काढली. तिच्यात पिवळसर काळे, बारीक कण होते. "तळाशी चिकटले होते. बंदुकीची दारू!"

शुभदाने बोट ओले केले, एक कण उचलला आणि जिभेवर ठेवला.

"अगं, दारू आहे ती!" कारखानीस ओरडले.

"खारट लागतेय."

"लागणारच. सोरा असतो त्यात."

सोरा खारट असतो का, हे खोलीतल्या कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे मुद्दा तिथेच राहिला.

"किल्ली कुठे असते?"

"शोकेसवरच्या गणपतीमागे. सगळ्यांना माहीत आहे. काल चहाला उल्हास आणि आपल्या मंडळाचा सेक्रेटरी सुबोध आले होते. मी फुलपात्र दाखवलं, परत ठेवलं. मग लिफ्टपाशी चपलांवरून बरीच गडबड झाली, जो तो आतबाहेर करत होता. सकाळी बघतो तर जागा रिकामी."

"मला ते सापडलं ती जागा बघायची आहे."

"चोरी इथे झाली, जागा कशाला?" अभयने विचारले.

"तू टोपी घे," शुभदा म्हणाली.

टोपीचा काही उपयोग झाला नाही. खाडीच्या बाजूला बस सोडल्यावर कमरेइतके गवत सुरू झाले आणि गवतात हवा नावाची वस्तू नव्हती. पाचव्या मिनिटाला अभयचा शर्ट पाठीला चिकटला. डासांनी त्याची निवड पहिल्याच नजरेत केली. पुढे एकसारख्या उंचीची झाडे दाटीने उभी होती, जणू सगळ्यांना एकाच दिवशी शाळेत घातले असावे. त्यांच्या सावलीत उल्हास कानाला हेडफोन लावून यंत्र फिरवत होता.

"परवानगी आहे ना, काका?" शुभदाने विचारले.

"रीतसर! अर्ज केला आणि चार दिवसांत मंजूर. साहेब फोनवर म्हणाला, हवं तेवढं खणा, आमची काही हरकत नाही. इथल्या लोकांना इतिहासाबद्दल आदर आहे."

अभय एका खड्ड्याच्या कडेला वाकला. "काका, इथे शिंपले कसे?"

"शिपाई खात असणार."

"खूप खाल्लेत."

"पलटण होती, एकटा शिपाई नव्हता," कारखानीस कडकपणे म्हणाले. अभयने एक शिंपला खिशात टाकला.

यंत्र केकाटले. उल्हासने गुडघ्यावर बसून खुरप्याने माती उकरली, बोटांनी चाचपली आणि एक बूच वर काढले. "टायगर बिअर," त्याने लेबल वाचून सांगितले आणि ते कमरेच्या पिशवीत टाकले.

"फुलपात्र सापडलं तेव्हा यंत्र तुमच्याकडे होतं?" शुभदाने विचारले.

"नाही, माझ्याकडे," कारखानीस अभिमानाने म्हणाले. "एरवी हा हात लावू देत नाही. पण त्या रविवारी याचा खांदा धरला होता."

"हात खांद्याच्या वर जात नव्हता हो," उल्हास म्हणाला. "मी काकांना म्हटलं, तुम्हीच घ्या आज. त्या वाकड्या झाडापासून सुरुवात करा."

"आणि वीतभर खाली निघालं!"

"तुम्हाला वाईट वाटलं असेल ना, उल्हास? यंत्र तुमचं आणि नाव काकांचं."

"छे हो!" उल्हास इतक्या मनापासून म्हणाला, की अभयला त्याचा संशय आला. त्याने तो शुभदाला लगेच कोपराने सांगितलाही.

जेवायला सगळे कारखानीसांच्या घरी परतले. हात धुऊन अभय सवयीने देव्हाऱ्यासमोर उभा राहिला. ताम्हन काळवंडले होते, घंटेला डाग होते, समईवर तेलाचा थर होता. देवापुढच्या पाण्याच्या भांड्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, म्हणून त्याने नमस्कार करता करता केसही सारखे केले.

"आमटी घे, अभय," कारखानीस म्हणाले. "आमसुलाची आहे. चिंचेने माझे सांधे धरतात. चिंच या घरात मी बंदच करून टाकलीय."

"घेतो. लिंबाचं लोणचं फार छान झालंय, काकू."

"उल्हासला विचारा. अर्धी बरणी तोच संपवतो," संजीवनीबाई म्हणाल्या. उल्हासने तोंड भरलेले असल्यामुळे हाताने कबुली दिली.

जेवणानंतर अभयने बेसिनपाशी ताटे विसळायला घेतली. शुभदा संजीवनीबाईंशी बोलत ओट्याला टेकली.

"काकू, फुलपात्र कोणी घेतलं असेल?"

"कोणी का घेईना. व्याख्यान नाही झालं तर जग थांबत नाही."

"काका मात्र थांबतील. परत शोधायला जाणार नाहीत म्हणतात."

संजीवनीबाईंच्या हातातले फडके थांबले. "असं म्हणाले?"

"म्हणू शकतात."

"शुभदा, ते वर्षभर घरात होते तेव्हा मी कांदा कसा चिरावा हे शिकले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आता शनिवार-रविवार बाहेर भटकतात, उरलेले दिवस त्याचीच तयारी करतात, गाढ झोपतात. शुगरसुद्धा खाली आलीय." त्यांनी फडके दोनदा पिळले. "ते घरी बसता कामा नयेत. एवढं बघ."

खाली उतरताना लिफ्टमध्ये अभय कुरकुरला, "त्यांच्या बेसिनच्या जाळीत चिंचोका अडकला होता. पाणी तुंबून माझी पँट भिजली."

"अभय, तू फार उपयोगी माणूस आहेस," शुभदा म्हणाली. त्याने याचा संबंध ताटे विसळण्याशी लावला.

सुबोध इमारतीखालच्या कॉफी शॉपमध्ये थांबला होता. त्याच्यापुढे तेह ओ, म्हणजे बिनदुधाचा चहा होता आणि चेहऱ्यावर रिकाम्या व्यासपीठाची चिंता.

"मी का चोरू? म्युझियमच्या बाईंना मीच बोलावलंय. काल चहाला तेच सांगायला गेलो होतो. त्या उद्या येणार, फुलपात्र तपासायला लॅबमध्ये नेणार. हेमचंद्ररावांना आनंद मावेना. वहिनींनी विचारलं, बाई किती वाजता येणार? उल्हासला ठसका लागला."

"फुलपात्र सापडल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"उल्हासनेच, त्याच रविवारी संध्याकाळी. बॅडमिंटनची फायनल होती आमची. आधी मला सरळ दोन गेममध्ये हरवलं आणि मग सांगितलं. काय स्मॅश मारतो हो!"

"चला वर," शुभदा उठत म्हणाली. "चहा तिथेच घेऊ."

सगळे बैठकीत जमले. कारखानीस रिकाम्या शोकेसशेजारी बसले, मयताच्या घरी बसतात तसे.

"काका," शुभदाने सुरुवात केली, "जमिनीत साठ वर्षं पडलेलं भांडं बाहेरूनही गंजतं. तुमचं फुलपात्र आतूनच हिरवं होतं. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवलं, की काय होतं?"

"कळकतं," अभय म्हणाला. त्याच्या आईने लहानपणी त्याला यावरून चोपले होते.

"कळकतं. आणि आंबट, खारट, वर पिवळसर काळे कण असलेली वस्तू आपण आत्ता जेवताना खाल्ली."

कारखानीसांनी डबी उघडली. वास घेतला. बराच वेळ घेतला.

"मोहरी," ते म्हणाले.

"मोहरीची डाळ. फुलपात्रात लिंबाचं लोणचं चांगले पंधरा दिवस मुरवलं होतं. म्हणजे ते मराठी स्वयंपाकघरातून झाडीत गेलं. पुरलं कोणी? ज्याने त्या दिवशी यंत्र स्वतःहून दुसऱ्याच्या हातात दिलं आणि कुठून सुरुवात करायची तेही सांगितलं. सकाळी त्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. संध्याकाळी तो स्मॅश मारत होता."

"अरे!" सुबोध म्हणाला. "मी म्हटलं, दुखऱ्या खांद्याच्या माणसाकडून मी हरलो की काय!"

उल्हास जमिनीकडे बघत म्हणाला, "काका शोधायचे थांबले असते तर इकडचं जेवण गेलं असतं हो. मी एकटा राहतो. नूडल्स करतो."

"भांडं कोणी दिलं?" कारखानीसांनी विचारले.

"तेच परत कोणी घेतलं ते बघू," शुभदा म्हणाली. "काल लॅबचं नाव निघालं. लॅबमध्ये लोणचं सापडलं असतं आणि काका भर मंडळात तोंडघशी पडले असते. म्हणून फुलपात्र रात्रीच्या आत नाहीसं व्हायला हवं होतं. आता या घरात चिंच बंद आहे, पण बेसिनच्या जाळीत चिंचोका आहे. आमटी आमसुलाची. मग चिंच कशाला आणली? पितळ घासायला. पण देव्हाऱ्यातलं ताम्हन काळं, घंटा काळी, समई तेलकट. एकच भांडं असं लखलखीत, की अभयने त्यात भांग पाडला. काकू, ते जरा फिरवता?"

संजीवनीबाई उठल्या. देवापुढचे फुलपात्र त्यांनी पाण्यासकट उचलले आणि भिंतीकडची बाजू पुढे केली. गो. वा. दि. अक्षरे झकास उजळली होती.

कारखानीसांनी पुढे वाकून ती वाचली.

"म्हणजे माझे सुभेदार..." कारखानीस म्हणाले.

"माझे मामा," संजीवनीबाई म्हणाल्या. "गोविंदमामा दिवेकर. कऱ्हाडला पिठाची गिरणी होती त्यांची. फुलपात्र आईच्या ट्रंकेत तळाला होतं. तुम्ही कधी बघितलं नव्हतं."

"सैन्यात नव्हते?"

"गेले होते भरतीला. पाय सपाट निघाले."

"आणि देव्हाऱ्यात का ठेवलंस?"

"घरात तेवढी एकच जागा आहे जिथे तुम्ही सूचना करत नाही."

कारखानीसांनी फुलपात्र हातात घेतले, उलटसुलट पाहिले. संजीवनीबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी पदराचे टोक मुठीत धरले होते.

"आता बसाल घरी," त्या हळूच म्हणाल्या.

"घरी?" कारखानीस एकदम उभे राहिले. फुलपात्रातले पाणी शोकेसवर सांडले. "घरी कशाला? अगं, याचा अर्थ तुला कळतोय का? खरा शिपाई अजून तिथेच आहे! सापडलाच नाही कोणाला! सुबोध, त्या बाईंना सांग, नमुना सध्या नाही, पण शोध चालू आहे. तेच नाव दे व्याख्यानाला. उल्हास, तुझ्या यंत्राला जरा जास्त खोलवरचं ऐकू येईल असं काही मिळतं का?"

"मिळतं की, काका!"

"मग उद्या सकाळी व्याख्यानाआधी एक चक्कर मारू. आणि तू, वाकड्या झाडाजवळ फिरकायचं नाही." हे संजीवनीबाईंना होते. त्या कधीच तिकडे फिरकल्या नव्हत्या, जळवांना घाबरत होत्या. त्यांनी मुकाट्याने मान डोलावली आणि चहा टाकायला गेल्या. आतून त्यांच्या गुणगुणण्याचा आवाज आला. शुभदा त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेली आणि जरा वेळाने लोणच्याची बरणी घेऊन बाहेर आली.

घरी परतताना एमआरटीच्या गाडीत अभयने ती बरणी मांडीवर धरली.

"बरं झालं गं," तो म्हणाला. "काकांना आता खरंच काहीतरी सापडायला हवं."

"नाही सापडणार."

"का?"

शुभदाने त्याच्या खिशातला शिंपला काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "झाडं सगळी एका वयाची. जमिनीत शिंपलेच शिंपले. आणि सरकारी साहेब म्हणतो हवं तेवढं खणा."

अभयने शिंपला निरखून पाहिला. "मग तू काकांना का नाही सांगितलंस?"

"काकूंना सांगितलं. त्यांनी बरणी दिली."

ती जागा एकोणऐंशी साली भराव घालून तयार केलेली होती. लढाईच्या वेळी तिथे समुद्र होता.