जेवायला थांबलेय

दिवे गेलेच आहेत तर बसा जरा. तुम्ही सायन्सवाले, भुताखेतांवर तुमचा विश्वास नाही, ठाऊक आहे मला. त्याचाही नव्हता. तुमच्याआधी याच वरच्या खोलीत राहायचा, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. मी त्याचं नाव घाईबुवा ठेवलं होतं. चहा निवेपर्यंत कधी थांबला नाही, मग दिवसभर पोळलेल्या जिभेने बोबडं बोलायचा.

बारा डिसेंबर, शनिवार. रात्री साडेनऊला तो जिना उतरला आणि म्हणाला, "काका, कडी घालू नका हं. पेशींना जेवण घालून आलोच."

त्यांच्या लॅबमध्ये सगळे असंच म्हणायचे. माणसाच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी चपट्या बाटलीत वाढवायच्या आणि दर दोन दिवसांनी जुनं पाणी काढून ताजं गुलाबी पाणी घालायचं. पेशी जेवल्या की ते हळूहळू पिवळं पडतं. गुलाबीच राहिलं, तर समजायचं, जेवत नाहीत. मी चिडवायचो, "स्वतः बिस्किटांवर जगतोस आणि त्यांना मात्र वेळेवर ताट!"

सुरुवातीला घाईघाईत याने किती बाटल्या मारल्या! कधी फ्रिजमधलं गार पाणी तसंच ओतलं, कधी झाकण सैल ठेवलं. लॅबचे साहेब म्हणाले, "तुझ्या हातून शेवाळसुद्धा वाढणार नाही." पण पोरगं शिकलं. श्वास आवरून थेंब थेंब सोडायला शिकलं. आणि तेवढ्यात त्याची आत्या आजारी पडली. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलेलं. पोटात गाठ निघाली. दवाखाना लॅबच्या समोरच. ऑपरेशनच्या आधी आत्याने डॉक्टरांना बजावलं, "काढाल ती गाठ माझ्या पोराला द्या. त्याच्या अभ्यासाला होईल."

त्या पेशी अशा फोफावल्या की साहेबही चाट पडले. हा त्यांच्यावर एकेक औषध घालून बघायचा. एखाद्या औषधाने त्या मेल्या, तर ते आत्याला देता आलं असतं. एकाही औषधाने मेल्या नाहीत. दोन महिने त्याने त्यांना मारायची शिकस्त केली, आणि मारायला हव्यात म्हणून आधी खाऊपिऊ घालून पोसलं. याला काय म्हणायचं, सांगा.

डिसेंबर लागला त्या आठवड्यात आत्याचा फोन आला. कितीतरी दिवस तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. म्हणाली, "अरे, आज भूक लागलीय बघ. ये, दोघं जेवू. मी थांबलेय."

हा म्हणाला, "पेशींना जेवण घालून येतोच."

खरी आत्या रस्त्यापलीकडे, आणि हा बाटलीतल्या आत्याला भरवत बसला. कधी नव्हे ते, त्या दिवशी घाई केली नाही. दवाखान्यात पोचला तेव्हा ताट झाकलेलं होतं. तिने घाससुद्धा घेतला नव्हता. नर्स म्हणाली, आत्ताच गेल्या.

त्यानंतर पेशींनी जेवण सोडलं. पाणी बदललं तरी गुलाबीच. ज्यांना मारायला धडपडला, त्यांनाच जगवायला आता जिवाचं रान करू लागला. तिचं तेवढंच उरलं होतं ना.

तर त्या शनिवारी तो लॅबमध्ये पोचला. सुट्टीचा दिवस, चिटपाखरू नाही. इनक्युबेटरमधून, म्हणजे त्या उबेच्या कपाटातून, बाटली काढली. गुलाबी. मायक्रोस्कोपखाली धरली. सगळ्या पेशी तळापासून सुटलेल्या. तरंगत होत्या. संपलं होतं सगळं. तरीही वेड्याने पाणी बदललं. बाटली आत ठेवली. कपाट लावलं. समोर स्टुलावर बसून रडला.

आणि दिवे गेले.

कपाटाची घरघर थांबली. काहीच ऐकू येईना. मग...

"जेवलास?"

आवाज कपाटातून. त्याने ओळखला. कोण ओळखणार नाही?

कसाबसा म्हणाला, "नाही..."

"मग बस ना... मी थांबलेय."

त्याला म्हणायचं होतं, आत्या, चुकलो.

आतून घोट घेतल्याचा आवाज आला.

पुन्हा एक.

सावकाश. पोटभर जेवणारं माणूस जेवतं तसा...

सकाळी साहेबांना तो स्टुलावर सापडला. डोळे उघडे. मी जाऊन घरी आणला. इथे, याच पायरीवर त्याने हे सांगितलं. मी विचारलं, "रागावली होती का रे?" तो म्हणाला, "रागावली असती तर बरं झालं असतं, काका."

आणि ती बाटली साहेबांनी स्वतः काढली. झाकण घट्ट. पाणी खुणेपर्यंत, थेंब कमी नाही. पण रात्रीत हळदीसारखं पिवळं झालेलं. साहेब म्हणाले, जंतू शिरले असतील. मायक्रोस्कोपखाली पाहिलं, पुन्हा पाहिलं. जंतू नव्हते. पेशी नव्हत्या, मेलेल्यासुद्धा नाहीत. काच नुसती लख्ख.

जेवण मात्र कुणीतरी जेवून गेलं होतं.