शिसपेन्सिलीतलं नाव

रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी कचेरीची खिडकी उघडते, कालचा रबराचा चुरा फुंकून टाकते आणि भिंतीएवढ्या तक्त्यासमोर उभी राहते. शिकाऊ डॉक्टरांच्या पुढच्या सहा महिन्यांच्या नेमणुका त्यावर आधी शिसपेन्सिलीने लिहायच्या. शेवटच्या दिवशी बाराच्या ठोक्याला शाईने गिरवायच्या. शाईनंतर बदल नाही.

तोही असाच एक शिकाऊ डॉक्टर; दीड वर्षापूर्वी रक्तपेढी शोधताना चुकून या खोलीत शिरला होता. तेव्हापासून, रस्ता पाठ झाला तरी, चुकतच होता.

त्या शेवटच्या दिवशी त्याचा अर्ज वाचून मला हसू आवरेना.

“डॉक्टर, पसंतीच्या तिन्ही रकान्यांत हेच रुग्णालय?”

“विचार करूनच लिहिलंय.”

“असा अर्ज बाद होतो. मग जागा मी ठरवते.”

“आणि लिहिणाऱ्याचं काय?”

“तो केव्हाच वाया गेलाय,” चहा ठेवता ठेवता शिपाईमामा म्हणाले आणि सटकले.

पलीकडच्या शहरातल्या नवजात विभागात एकच जागा होती. ‘ओंजळीत मावणारी बाळं वाचवायला शिकायचंय,’ असं त्याने पहिल्या अर्जात लिहिलं होतं. त्याचं शिक्षण संपेपर्यंत ती जागा पुन्हा निघणार नव्हती. माझ्या खिडकीखालच्या वॉर्डातही एक जागा रिकामी होती... आणि पेन्सिल माझ्या हातात.

“इथेच ठेवा ना मला,” तो हळूच म्हणाला. “तिकडे ही खिडकी नाही.”

कोवळं ऊन त्याच्या बाहीवर सांडलं होतं. क्षणभर हात त्या वॉर्डाच्या रकान्याकडे गेलाही...

“ठेवलं, तर उद्या माझ्याकडे पाहताना तुम्हाला ती ओंजळ रिकामी दिसेल. मला नाही सोसायचं ते.”

“का?”

“कारण –” मी कोऱ्या जागेवरच रबर फिरवत राहिले. “कारण तुम्ही मला सहा महिन्यांपुरते नको आहात.”

त्याने माझ्या हातातलं रबर काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “वाट पाहाल?”

“नुसती वाट पाहायला मी काय बसथांबा आहे?”

तो हसला. डोळे मात्र ओलावले होते.

बाराला मी नवजात विभागापुढे त्याचं नाव शाईने गिरवलं, वाळेपर्यंत फुंकर घातली. मग खणातून रजेचा अर्ज काढला आणि त्याच्या तिकडच्या पहिल्या रविवाराला जोडून माझी सोमवारची रजा लिहिली – थेट शाईने.