सी-सॉचं दुसरं टोक

समुद्राकाठच्या बागांची तपासणी म्हणजे खाऱ्या वाऱ्याशी रोजची मारामारी. नटबोल्ट सहा महिन्यांत गंजतात, साखळ्या वर्षभरात झिजतात, आणि घसरगुंडीच्या पत्र्याला एवढंसं भोक पडलं की आईबाप पालिकेच्या नावाने खडे फोडतात. पालिकेच्या म्हणजे तपासनीस बाईंच्या. शहरातल्या अकरा बागा त्यांच्या एकटीच्या गळ्यात होत्या.

अकरावी बाग समुद्राच्या भिंतीला लागून, पार टोकाला. तिथला जुना लाकडी सी-सॉ काढून नवा बसवायचं मंजूर झालं होतं. बाईंनी तपासून शेरा मारायचा, की दुसऱ्या दिवशी माणसं येऊन उचलणार. पण तिथल्या रहिवाशांची तीन पत्रं फायलीत होती. काहीही हलवू नये, एवढंच तिन्हीत. कारण एकातही नव्हतं. नवीन खेळण्यांसाठी भांडणारी माणसं बाईंनी ढिगाने पाहिली होती. जुनंच ठेवा म्हणून भांडणारी ही पहिलीच.

आता खरा नियम असा, की सी-सॉवर वाळूची पोती ठेवून भार तपासायचा. पोती जड, ऑफिसची गाडी कधी जागेवर नाही, आणि बाईंची कंबर काही सरकारी नव्हती. म्हणून दोन वर्षांपासून त्यांनी स्वतःची युक्ती काढली होती. साडेतीनला शाळा सुटली की मुलीला घ्यायचं आणि तिलाच बसवायचं. शाळेच्या कार्डावर तिचं वजन लिहिलेलंच असे, सतरा किलो. "मुंगे, चल, पोतं हो बघू," म्हटलं की पोरगी खूश. हे चुकीचं आहे हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण आजवर काही झालं नव्हतं, आणि काही झालं नाही की माणूस सोकावतो.

त्या दिवशी चार वाजता मायलेकी फाटकातून आत शिरल्या. लख्ख ऊन होतं, वाऱ्याबरोबर बारीक वाळू गालांवर टोचत होती. बाकांवर माणसं बसली होती, पण कुणी इंचभर सरकलं नाही. मुलं घसरगुंडीवर ओळीने चढत होती, ओळीने उतरत होती. ढकलाढकली नाही, रडारड नाही. बाईंना आधी कौतुक वाटलं. मग लक्षात आलं, की इतकी मुलं असून बागेत फक्त वाऱ्याचा आवाज येतोय.

"मुलीला आत कशाला आणलंत?" वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका आजोबांनी विचारलं.

"बाग मुलांसाठीच असते ना, आजोबा?"

"ही नाही." आणि त्यांनी पान उलटलं.

सी-सॉचं एक टोक जमिनीला टेकलेलं होतं, दुसरं वर. बाईंनी खालचं टोक उचलून पाहिलं. चांगलंच जड होतं. अडकलेलं नव्हे, जड. सोडलं की सावकाश खाली बसायचं. मधला दांडा तपासला, तर तो तेल घातल्यासारखा फिरत होता. फळी टकटक करून पाहिली. साधं लाकूड, आत कुठे लोखंड नाही. वरच्या बैठकीवर मिठाचा पांढरा थर होता. खालची मात्र बसून बसून गुळगुळीत झाली होती. बाईंनी वहीत लिहिलं, 'एक बाजू जड. कारण समजत नाही.' असलं वाक्य लिहायचा त्यांना मनापासून राग येई.

"तिला बसवू नका," जवळच्या बाकावरची बाई म्हणाली. ती मघापासून खाली मान घालून स्वेटर विणत होती.

"का हो?"

"सांगितलं ना, नको."

झालं. कारण न सांगता नको म्हणणाऱ्या माणसांमुळे बाईंच्या डोक्यात तिडीक जायची. सासरी आल्यापासूनच त्यांचं हे असं होतं. त्यांनी मुंगीला काखेत धरून उचललं आणि वरच्या बैठकीवर ठेवलं.

फळी हलली. मुंगीचं टोक हळूहळू खाली आलं, क्षणभर दोन्ही बाजू समान झाल्या, आणि मग मुंगीचे पाय जमिनीला लागले. समोरची रिकामी बैठक वर जाऊन थांबली. मुंगी खुदकन हसली.

"आई, बघ ना, कशी घाबरलीय."

"कोण?"

"समोरची."

बाकांवरची माणसं उठून उभी राहिली होती. विणणारीच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा खाली पडला, पण ती वाकली नाही. घसरगुंडीवरची मुलं जागच्या जागी थांबली. सगळ्यांचे डोळे बाईंवर.

बाई पुढे झाल्या. "मुंगे, उतर. घरी जायचं."

"थांब, तिला सांगते. न सांगता उतरलं की दुसऱ्याला लागतं, तूच म्हणतेस ना."

बाईंनीच शिकवलं होतं ते. पण त्या थांबल्या नाहीत. त्यांनी लेकीला खसकन उचलून छातीशी घेतलं.

समोरचं टोक धाडकन जमिनीवर आपटलं. वाळू उडाली.

आणि त्या टोकाकडून रडणं ऐकू आलं.

"आई! आई गं, लागलं!"

मुंगीचा आवाज. रडताना मध्येच तिला उचकी लागते, ती उचकीसुद्धा.

कडेवरची मुलगी शांत होती. अंगावर ओरखडा नाही. तिने बाईंच्या गळ्यात नीट हात टाकले आणि म्हणाली, "चल ना घरी."

मुंगी आजवर बागेतून कधी आपणहून निघाली नव्हती.

बाईंनी त्या मुलीला पुन्हा वरच्या बैठकीवर बसवलं. फळी तसूभर हलली नाही. त्या पलीकडे धावल्या, रिकाम्या बैठकीवर हात फिरवत राहिल्या. हाताला फक्त लाकूड लागलं. दोन्ही हातांनी ते टोक उचलू गेल्या, तर आता ते उचलेचना.

"आई, मला उतरव ना," अगदी हाताशी आवाज आला.

"कशी उतरवू गं? सांग, कशी उतरवू?" बाईंना रडू फुटलं. बैठकीवरची मुलगी स्वतःच उतरून फ्रॉक झटकत उभी राहिली.

"आता नाही होत ते," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज मघाइतकाच कडक होता. "आम्ही सगळ्यांनी करून पाहिलंय. तीन पत्रं लिहिली तुमच्या ऑफिसला."

"त्यात लिहिलं का नाहीत?"

"लिहिलं असतं तर तुम्ही आला नसतात?"

तरीही बाई आल्या असत्या. हसत आल्या असत्या.

सहाला रखवालदाराने शिट्टी वाजवली. मुलांनी आपापल्या माणसांचे हात धरले आणि सगळी मुकाट्याने फाटकाकडे निघाली. बाईंचाही हात कुणीतरी धरला होता. मागून हाका येत होत्या, त्या फाटकापर्यंत ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी फायलीवर शेरा मारला, 'सी-सॉ सुस्थितीत. हलवू नये.' साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, लाकूड चांगलं आहे.

चार वाजता त्या बागेत गेल्या. त्यांच्याबरोबरची मुलगी हात सोडून घसरगुंडीच्या ओळीत शेवटी जाऊन उभी राहिली. विणणारी बाई सरकली आणि तिने बाकावर जागा करून दिली. बाई सी-सॉकडे तोंड करून टेकल्या.

"तुमची काय म्हणतेय?" तिने हळूच विचारलं.

"पाणी मागतेय."

विणणारीने मान हलवली आणि सुईवरचे टाके पुढे घेतले. "ऐकून घ्या," ती म्हणाली. "पहिला महिनाभरच बोलतात."