होडीपुरता वेग

जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या त्या दुकानात कॉम्प्युटरचं एक कॅबिनेट मी डावीकडून धरलं होतं आणि त्याने उजवीकडून. ओढत कुणीच नव्हतं, पण सोडतही नव्हतं.

"मी आधी पाहिलं," तो म्हणाला.

"मी आधी धरलं," मी म्हणाले.

दुकानाची मालकीण पंख्याखाली बसून विणत होती. मान वर न करता म्हणाली, "भांडा निवांत. इतकी वर्षं त्या डब्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यालाही जरा बरं वाटेल."

शेवटी दोघांनी मिळून ते टेबलावर ठेवलं आणि झाकण सरकवलं. आतून धुळीचा कोरडा वास आला. आम्ही दोघंही एकदमच वाकलो आणि डोक्यावर डोकं आपटलं, कारण दोघांना बघायचं होतं ते एकच... मदरबोर्डच्या कोपऱ्यातली बॅटरी. ती म्हातारी झाली की गळते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. आमच्या घरच्या मशीनचा बोर्ड तिनेच खाल्ला होता.

"गळलेली नाही," दोघं एकाच वेळी म्हणालो.

कपाळ चोळत त्याने विचारलं, "तुमचं काय गेलंय?" इस्पितळाच्या बाकावर शेजारच्या माणसाला विचारावं तसं.

"बोर्ड. बाकी सगळं आहे. हार्ड डिस्क, रंगीत मॉनिटर. तुमचं?"

"माझं विचारू नका. साउंड कार्ड तेवढं वाचलंय."

"मग नुसत्या साउंड कार्डासाठी एवढा खटाटोप?"

तो जरा घुटमळला. "एक गेम होता लहानपणी. होडीचा. अंधारात बेटाबेटांवर जाऊन दिवे लावायचे..."

माझा हात कॅबिनेटवरून आपोआप सुटला. माझ्या हार्ड डिस्कवर तोच होता. दादा आणि मी त्या होडीवरून इतके भांडायचो, की आईने कीबोर्ड कपाटात कुलपात ठेवला होता.

"त्याचं गाणं किती छान होतं," तो म्हणाला.

"त्याला गाणं होतं?"

आमच्या मशीनला साउंड कार्डच नव्हतं. आत एवढासा स्पीकर, तो नुसता टूं-टूं करायचा. आणि त्याच्याकडे होता काळा-पांढरा मॉनिटर. ते समुद्राचं पाणी जांभळं होतं हे त्याला त्या दिवशी, माझ्याकडून, भर दुकानात कळलं.

"जांभळं?" तो पुटपुटला. "मी इतकी वर्षं निळंच धरून चाललो होतो."

मग भांडण्यात अर्थ उरला नाही. दोन मोडक्या मशीनचं एक करायचं ठरलं. तो कॅबिनेट साफ करायला घरी नेणार होता आणि पुढच्या रविवारी आमच्याकडे घेऊन येणार होता. जाता जाता म्हणाला, "लवकर उरकायला हवं. पुढच्या महिनाअखेरीस माझी बदली आहे, दुसऱ्या गावी."

"हो का? मग घाई करू," मी म्हणाले. अगदी सहज म्हणाले. घरी पोचेपर्यंत मात्र हे वाक्य मला चावायला लागलं होतं.

तो एका दवाखान्यात लोकांना कानाची यंत्रं बसवायचा. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एकाला नीट ऐकू येतं आणि एकीला नीट दिसतं. आता एखादं नीट बोलणारंही आणा." त्या दिवसापासून घरात तो 'कानवाला' झाला.

आमच्या बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर रविवारचा पसारा मांडला जाऊ लागला. तो स्क्रू काढून बशीत ठेवायचा, मी सर्किटच्या पट्ट्यांची टोकं खोडरबराने घासायचे. कुठल्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात टेकवायचा, हा त्याचा नियम. अंगातली वीज उतरते म्हणे, नाहीतर एका स्पर्शात चिप जळते. मग आम्ही दोघं पत्र्यावर हात टेकवून उभे राहायचो. जवळजवळ. मध्ये बोटभर जागा.

"उतरली?" तो विचारायचा.

"थांबा जरा," मी म्हणायचे.

एका रविवारी पॉवर सप्लाय ठरला, एका रविवारी रॅम. काम असंच सुरळीत चाललं तर संपणार, हे माझ्या लक्षात आलं आणि मी खुसपटं काढायला लागले.

"हा पंखा खरखरतोय."

त्याने मान तिरकी करून ऐकलं. कानाचाच माणूस तो. पंखा लोण्यासारखा फिरत होता. "खरखरतोय खरा," तो गंभीरपणे म्हणाला. "दुसरा बघू."

पुढच्या वेळी त्याने कीबोर्ड नाकारला. स्पेसच्या बटणाचा आवाज म्हणे मनाला पटत नाही. आईने चष्मा कपाळावर चढवला आणि वर्तमानपत्राआडून म्हणाली, "लोक मुलीला स्थळं बघतात, तुम्ही बटणं बघताय. चालू द्या."

मी खाली पडलेला स्क्रू शोधायला टेबलाखाली गेले. पडला नव्हता तरी.

असं करत करत एका रविवारी मशीन चालू झालंच. साउंड कार्ड शेवटी बसवू म्हणून बाजूला ठेवलं होतं. मॉनिटरची काच विजेने तडतडली, माझ्या हातावरची लव उभी राहिली, आणि जांभळं पाणी उजळलं. तो खुर्चीतून अर्धा उठला. मी होडी पुढे नेण्यासाठी बाणाच्या बटणावर बोट ठेवलं... आणि होडी बाणासारखी सुटली, खडकावर आपटली, बुडाली. पुन्हा. पुन्हा. डोळा लवायच्या आत.

"झालं?" आई म्हणाली. "एवढ्यासाठी माझं टेबल अडवलंत?"

"प्रोसेसर जास्त जलद आहे," तो म्हणाला. "हे जुने गेम मशीनच्या वेगानेच पळतात. होडीला झेपेल असा हळू प्रोसेसर शोधायला हवा." हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. "म्हणजे... आणखी एक रविवार लागेल."

महिना संपत आला होता. एक रविवार मिळाला म्हणून मला आनंद झाला, आणि एकच उरला म्हणून तो लगेच ओसरलाही. हा माणूस काही न बोलताच जाणार असं दिसत होतं. आणि मी तरी कुठे बोलत होते? मी पंख्याची खरखर सांगत होते.

मधल्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी त्या दुकानात गेले. हळू प्रोसेसर आहे का विचारलं. मालकिणीने सुया बाजूला ठेवल्या आणि टेबलाच्या खणातून कापसात गुंडाळलेली एक चिप काढली.

"ही तुझ्याशी इथे भांडत होता ना, त्याचीच."

"त्यांची कशी?"

"त्या डब्यातच होती म्हणे. पहिल्याच आठवड्यात आणून दिली आणि इथली दुसरी घेऊन गेला. मी म्हटलं, नको असेल तर टाकून दे. तर म्हणतो, टाकू नका, लागेल. फक्त लगेच नको."

मी ती चिप तशीच उचलून घेतली. पत्र्यावर हात टेकवायचंही विसरले. नशीब, कापसाने वाचवलं तिला.

शेवटच्या रविवारी तो साउंड कार्ड घेऊन आला. मी कापसाची ती पुडी त्याच्यापुढे ठेवली. त्याने उलगडून पाहिली, आणि कानाच्या पाळ्यांपासून सुरुवात करून हळूहळू सगळाच लाल झाला.

"कुठे मिळाली?"

"ठेवली होती तिथेच."

आई ताडकन उठली. "मी जरा कपडे वाळत घालून येते," असं म्हणून गॅलरीत गेली आणि मागे दार ओढून घेतलं. बाहेर भुरभुर पाऊस होता.

तो चिप या हातातून त्या हातात करत राहिला. "मूळची हीच बरोबर होती. ही असती तर गेम पहिल्या फटक्यात नीट चालला असता... मग मी इथे कुठल्या तोंडाने आलो असतो?"

"पंखा खरखरत नव्हता," मी म्हणाले.

"माहीत आहे. कान हा माझा धंदा आहे."

मला हसू आलं. त्यालाही. मग आम्ही पत्र्यावर हात टेकवले, या वेळी मध्ये बोटभरसुद्धा जागा न ठेवता, आणि बराच वेळ वीज उतरू दिली. त्याने जुना प्रोसेसर काढला, मी नवा, म्हणजे खरा जुना, बसवला. साउंड कार्ड खाचेत घट्ट दाबलं.

आणि गाणं आलं. साधंच होतं. चार सूर वर जायचे, एक सूर रेंगाळायचा, जसं कुणीतरी वल्हं उचलून पाण्यावर नुसतं धरून ठेवलंय. होडी संथपणे निघाली. तो डोळे फाडून जांभळं पाणी बघत होता. मी डोळे मिटून ऐकत होते. उघडले, तेव्हा तो पाणी बघत नव्हता.

"कार्ड इथेच राहू दे," तो म्हणाला. "मी परवा निघतोय. तुझ्याकडे... तुमच्याकडे नीट राहील."

"'तुझ्याकडे' हेच बरं होतं," मी म्हणाले. मग घसा खाकरून विचारलं, "त्या गावात लोकांना नीट दिसतं का रे?"

"अं?"

"माझ्या धंद्याचं विचारतेय."

त्याला समजायला होडीला एक बेट ओलांडण्याएवढा वेळ लागला. मग तो अगदी मनापासून म्हणाला, "छे. भयंकर परिस्थिती आहे. सगळे डोळे बारीक करून चालतात. रस्त्यावरची पाटी वाचायला दोघं लागतात."

"चष्म्याचं दुकान तरी आहे की नाही?"

"आहे. खोली बघायला गेलो होतो ना, तेव्हा चुकून आत शिरलो."

"चष्म्याच्या दुकानात? चुकून?"

"काच घासल्याचा आवाज आला." तो आता स्क्रूंच्या बशीशी बोलत होता. "त्यांना काचा घासणारं माणूस हवंय. मी म्हटलं, एक जण ओळखीची आहे, विचारून सांगतो. मग विचारायचा धीरच होईना..."

"आणि ते काय म्हणाले?"

"या म्हणाले, केव्हाही. काही घाई नाही."

पडद्यावर होडी पुढच्या बेटाला लागली होती आणि दिवा लावायची वाट बघत होती. मी त्याचा हात उचलून बटणावर ठेवला, आणि वर माझा.

"त्यांना नसेल," मी म्हणाले. "मला आहे."