दीड वीत

प्रयोगशाळेतल्या अर्धगोल पडद्यावर पांढरा चेंडू डावीकडून निघाला, मधेच दिसेनासा झाला आणि उजव्या कडेला पुन्हा उमटला. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर मात्र चेंडू उमटण्याआधीच तिथे जाऊन थांबली होती.

"एकशे नव्वद," गिरिधर तेरदाळे आकडा वाचत म्हणाले. "पुन्हा एकदा घेऊ या."

दहा वेळा घेतलं. दहाही वेळा आकडा एकशे नव्वदच्या आसपासच राहिला.

खुर्चीतला माणूस होता दौलत शियेकर. वय अडतीस. गोवा आणि कोलकात्याच्या मैदानांवर पंधरा वर्षं आघाडीला खेळलेला, आणि आता ऐन हंगामाच्या मध्यावर कोल्हापूरच्या वज्रदेही तालमीच्या फुटबॉल संघाने परत बोलावलेला. तालमीच्या मुख्य आघाडीवीराचा पाय मोडला होता. सात सामन्यांत एक विजय, गुणतक्त्यात शेवटून दुसरं स्थान. अशा वेळी पेठेतल्या लोकांना दौलतची आठवण झाली.

आठवण गोड नव्हती. तेवीस वर्षांचा असताना, अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तो कोलकात्याची गाडी धरून निघून गेला होता. वज्रदेही तो सामना हरली आणि त्यानंतर तिने अंतिम फेरी पाहिली नाही. तरीही तो परत येणार म्हटल्यावर पेठेत चौकाचौकात फलक लागले. 'आला रे आला'च्या खाली त्याचा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो होता. आताचा फोटो लावायचं धाडस कुणाला झालं नाही.

"मॅडम, पाय अजून पळतात," तो डॉ. इंदुमती शिंत्रेंना म्हणाला. "पण मी सांगितल्यावर लगेच नाही पळत. मधे कुणीतरी निरोप अडवून धरल्यासारखं होतंय."

शिंत्रेबाई चेताविज्ञानाच्या संशोधक. वारंवार तोल जाऊन पडणाऱ्या वृद्धांसाठी त्यांनी 'आवरण-पुनर्लेपन' नावाचा उपचार विकसित केला होता. साठ वृद्धांची नावनोंदणी झाली होती. त्याआधी एखाद्या निरोगी, मध्यमवयीन माणसावर तो तपासून पाहायचा होता. दौलत स्वतःहून आला होता. फुटबॉल संघटनेच्या नियमात ते बसत होतं: खेळाडूला स्वतःच्या तारुण्याच्या मापापर्यंत दुरुस्ती करून घेता येई, त्यापलीकडे नाही.

"सोपं आहे," बाईंनी समजावलं. "चेतातंतू म्हणजे तार, आणि तिच्यावर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. वयाबरोबर ते विरतं आणि निरोप मंदावतो. डोळ्यापासून पायापर्यंत तुमचा निरोप आता विशीतल्यापेक्षा पंचेचाळीस हजारांश सेकंद उशिरा पोचतो. ते आवरण आम्ही पुन्हा चढवणार."

"पंचेचाळीस हजारांश म्हणजे किती?"

उत्तर तेरदाळ्यांनी दिलं. ते मूळचे गणिती. "तुम्ही जोरात पळत असाल तर दीड वीत."

दौलत हसला नाही. "दीड वीत म्हणजे गोल हाय की साहेब," तो म्हणाला.

तो गेल्यावर तेरदाळे पडद्यावरचे आकडे पाहत बसले. चेंडू कुठे असेल हे डोळे किती आधी ओळखतात, त्या मापाला ते 'अग्रवेध' म्हणत. चांगल्या खेळाडूचा अग्रवेध एकशे वीस हजारांश असतो. दौलतचा एकशे नव्वद होता.

"बाई, इतका कसा?"

"अनुभव," शिंत्रेबाई म्हणाल्या. "वीस वर्षं खेळलाय."

उत्तर पटण्याजोगं होतं, म्हणून दोघांनीही पुढे विचार केला नाही.

* * *

उपचार तीन आठवड्यांत पूर्ण झाला. निरोपाचा वेग तेवीस वर्षांच्या दौलतइतका झाला, जराही जास्त नाही.

पहिल्या सामन्याला स्टेडियमच्या पायऱ्या दुपारी तीनलाच भरल्या. निवृत्त एसटी चालक बापू चौगुले नेहमीच्या जागी बसले होते. वज्रदेहीचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता आणि पंधरा वर्षांत दौलतचं नावही तोंडातून काढलं नव्हतं. दौलत मैदानात आला तेव्हा सगळे उभे राहिले. बापू बसूनच राहिले, पण त्यांनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं.

त्या दिवशी दौलत सहा वेळा ऑफसाइड ठरला. सहाही वेळा अगदी थोडक्यासाठी. मधल्या फळीतला तौफिक जमादार चेंडूला पाय लावायच्या आधीच तो निघालेला असे. वज्रदेही दोन गोलांनी हरली.

"म्हातारा झाला, घाई सुटली," पायऱ्यांवर कुणीतरी म्हणालं.

"म्हातारा असता तर उशीर झाला असता," बापू पुटपुटले. "ह्यो लवकर का निघालाय?"

नेमका हाच प्रश्न घेऊन दौलत दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आला. "मॅडम, घरी बायको बोलायच्या आधी मी उत्तर देतोय. पेला घ्यायला जातो तर हात आधीच पुढं गेलेला असतोय. काय केलंय तुम्ही माझं?"

उत्तर तेरदाळ्यांना रात्रभर आकडेमोड केल्यावर सापडलं होतं.

"तुमचे निरोप वर्षानुवर्षं हळूहळू मंदावत गेले," ते म्हणाले. "पण हालचालींचा ताळमेळ राखणारा लहान मेंदू हुशार असतो. निरोप उशिरा येतोय म्हटल्यावर तो अधिक पुढचं पाहायला शिकला. तुमचा तो एकशे नव्वद नुसत्या अनुभवाचा नव्हता, उशिराने शिकवलेला होता. आता निरोप वेळेवर येतो, पण मेंदू अजून जुन्याच हिशेबाने पुढे पाहतोय. म्हणून तुम्ही दीड वीत पुढे असता."

"मग?"

शिंत्रेबाईंनी क्षणभर तेरदाळ्यांकडे पाहिलं. "मेंदू जुळवून घेईल. थोडे आठवडे लागतील."

हे खरं होतं, पण यातून पुढे काय निघतं ते त्यांनी सांगितलं नाही, कारण ते त्यांनाही अजून पुरतं दिसलं नव्हतं.

प्रशिक्षकाने मात्र थांबायला नकार दिला. त्याने तौफिकला बोलावलं. तौफिक पंचवीस वर्षांचा, मेहनती आणि अबोल. त्याच्या पासबद्दल कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"दौलतदादा थांबणार नाही," प्रशिक्षक म्हणाला. "तू लवकर हो. तो निघायच्या आत चेंडू सुटला पाहिजे."

"पण सर, तो कधी निघणार ते मला कसं कळणार?"

"शीक."

रोज सकाळी दोन तास दोघे सराव करू लागले. दौलत निघे, तौफिक उशिरा पडे. पुन्हा. पुन्हा. तौफिक कधी वैतागला नाही. नवव्या दिवशी पहिल्यांदा चेंडू आणि दौलत एकाच वेळी एका जागी पोचले. तौफिक नुसता उभा राहिला.

"कसं केलंस रं?" दौलतने विचारलं.

"माहीत नाही दादा. तुझा खांदा हलायच्या आधीच मला वाटलं."

त्यानंतर वज्रदेही हरली नाही. पाच सामने, पाच विजय, दौलतचे सात गोल. पेठेत सकाळी दुधाच्या रांगेत, दवाखान्यात, शाळेच्या फाटकाशी एकच विषय. अंथरुणाला खिळलेली माणसं सामन्याच्या दिवशी खुर्चीत बसवून स्टेडियमवर आणली जाऊ लागली. उपांत्य सामना जिंकला तेव्हा बापू चौगुले पंधरा वर्षांनी पहिल्यांदा ओरडले, "दौल्याऽऽ!" दौलतने ऐकलं. त्याने वर पाहिलं नाही, पण नंतर कपडे बदलायच्या खोलीत तो बराच वेळ टॉवेलात तोंड खुपसून बसला होता.

* * *

अंतिम सामन्याला आठ दिवस असताना दौलत पुन्हा त्या खुर्चीत बसला. त्याचं काहीतरी बिनसलं होतं. "हल्ली गोष्टी झाल्यावर दिसतात मला," तो म्हणाला.

पडद्यावर चेंडू लोपला, उमटला. दौलतची नजर आता चेंडू उमटण्याच्या जेमतेम आधी पोचत होती. पूर्वीसारखी आधीच जाऊन थांबत नव्हती.

तेरदाळ्यांनी आकडा मोठ्याने वाचला नाही. तो शंभर होता.

शिंत्रेबाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "दौलतराव, चूक माझी आहे. मेंदू जुळवून घेईल असं मी म्हणाले होते. त्याने जुळवून घेतलं. निरोप वेळेवर येतोय म्हटल्यावर त्याला इतकं पुढचं पाहायची गरज उरली नाही. त्याने ते सोडून दिलं."

"म्हणजे आता मी..."

"तुमचे पाय तेवीस वर्षांचे आहेत. आणि नजरही तेवीस वर्षांची."

"तेवीसचा असताना मला काय कळत होतं मॅडम?" दौलतने शांतपणे विचारलं. मग खिडकीकडे पाहत म्हणाला, "लोक मला बघायला यायलेत. पळायला काय, कुणीबी पळतंय. मला कळायचं, म्हणून यायलेत."

"परत येईल का ते?" त्याने तेरदाळ्यांकडे वळून विचारलं.

"उशिराने आलं होतं," तेरदाळे म्हणाले. "उशीर राहिला नाही."

त्या संध्याकाळी शिंत्रेबाईंनी साठ वृद्धांचे उपचार थांबवल्याचं पत्र लिहिलं. पाय सावरतील, पण आयुष्यभर मिळवलेला अंदाज जाईल. सुनेच्या पावलांवरून तिचा राग ओळखणारी सासू, वळणाआधीच ब्रेकवर पाय ठेवणारा चालक. हे विचारल्याशिवाय काढून घेण्याचा हक्क आपल्याला नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

दौलतने प्रशिक्षकाला सगळं सांगितलं आणि बाहेर बसण्याची तयारी दाखवली. "एकदा न खेळता गेलास," प्रशिक्षक म्हणाला. "आता खेळून जा."

* * *

अंतिम सामन्याला स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नव्हती. शिंत्रेबाई आणि तेरदाळे पायऱ्यांवर बापूंच्या मागेच बसले होते.

पूर्वार्धात दौलत कुठेच नव्हता. तौफिकचे पास रिकाम्या जागेत जाऊन मैदानाबाहेर पडत होते. दौलत प्रत्येक वेळी दोन पावलं मागे. समोरच्या संघाने एक गोल केला. कुजबुज सुरू झाली, मग शिट्ट्या.

"कुणाला देतोय ह्यो पोरगा चेंडू?" कुणीतरी तौफिकवर ओरडलं.

तेरदाळे एकदम पुढे वाकले. "बाई, तो रिकाम्या जागेत देत नाहीये. पाहा. जुना दौलत जिथे असता, तिथे देतोय."

मध्यंतरात दौलत तौफिकजवळ गेला. "तू आधी देतोयस."

"मला तिथं दिसतोस दादा," तौफिक खजील होऊन म्हणाला. "दिसतोस आणि मग नसतोस."

वीस वर्षं हेच वाक्य दौलत स्वतः दुसऱ्यांना म्हणत आला होता. "बरं," तो म्हणाला. "तू बघ. मी बघत नाही. मी नुसता पळतो."

उत्तरार्धात त्याने चेंडूचा अंदाज बांधणं सोडून दिलं. तो तौफिकच्या पायावर नजर ठेवून राहिला. चेंडू सुटला की तो निघे. ऑफसाइडचा प्रश्नच नव्हता, कारण तो नेहमी मागूनच निघत होता. पण ते तेवीस वर्षांचे निरोप होते, कुठे न अडता पायांपर्यंत पोचणारे. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला तो चेंडूपर्यंत पोचला आणि बरोबरी झाली. सामना संपायला तीन मिनिटं असताना तौफिकने बचावफळीच्या मागे, जिथे कुणीच नव्हतं, तिथे चेंडू टाकला. दौलत पोचला. बचावपटू अजून वळतच होते.

सगळं स्टेडियम दौलतच्या नावाने गरजत होतं. बापू रडत होते. तेरदाळे मात्र तौफिककडे बघत होते.

* * *

दोन दिवसांनी त्यांनी तौफिकला पडद्यासमोर बसवलं. दौलत दाराशी उभा होता.

"एकशे पंच्याण्णव," तेरदाळ्यांनी वाचलं.

तौफिक घाबरला. "पण मी तर काहीच औषध घेतलं नाही सर. मला काय झालंय?"

"तेच, जे याला झालं होतं," शिंत्रेबाई सावकाश म्हणाल्या. आता त्यांना अखेरपर्यंतचं सगळं दिसत होतं. "उशीर का होतोय, याच्याशी मेंदूला देणंघेणं नसतं. तंतू मंद असोत, की जोडीदार दीड वीत पुढे असो. दोन महिने तू रोज याच्यामागे उशिरा पडत होतास. तुझ्या मेंदूने तेच केलं, जे करायला याच्या मेंदूला वीस वर्षं लागली."

"मग हे माझ्याजवळ राहील?"

"नाही. आता तुला उशीर होत नाही. इतर खेळाडूंबरोबर खेळशील, गरज संपेल, मेंदू सोडून देईल. चारेक महिने."

तौफिक खाली बघत राहिला. मग दौलतने विचारलं, "आणि आता याच्यामागं उशिरा कोण पडतंय?"

तेरदाळ्यांनी चष्मा काढला. "तुम्ही."

"मग?"

"मग तुमचं वाढेल. तुम्ही त्याच्या पुढे जाल आणि तो मागे पडेल. मग पुन्हा त्याचं." त्यांनी हाताने हवेत एक पायरी काढली, तिच्यावर दुसरी. "दोघं बरोबर खेळत राहिलात तर. एकट्याजवळ ते टिकत नाही."

दौलत अंतिम सामन्यानंतर निवृत्त होणार हे सगळ्या कोल्हापूरला माहीत होतं. त्याच्या सत्काराची तारीखही ठरली होती.

सोमवारी सकाळी बापू चौगुले फिरता फिरता सरावाच्या मैदानाशी थांबले. हंगाम संपला होता, मैदान मोकळं होतं. तौफिक चेंडू टाकत होता आणि दौलत शियेकर त्याच्यामागे धावत होता. चेंडू गेला, दौलत चुकला. पुन्हा गेला, पुन्हा चुकला.

"दौल्या, अरे जिंकलास न्हवं?" बापू कुंपणापलीकडून म्हणाले. "आता ह्या वयात कशाला धापा टाकतोयस?"

दौलत गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. श्वास जागेवर आल्यावर त्याने मान वर केली.

"उशीर करायला शिकतोय बापू," तो म्हणाला आणि तौफिकला पुन्हा चेंडू टाकायची खूण केली.